पलासियावर एकाचं चालान कापतात, दुसऱ्याला नुसती समझाइश, म्हणजे तोंडी समज. असं का?

रामबागवाली

इंदूरच्या पलासिया चौराह्यावर चेकिंग लागलं की हे हमखास दिसतं. विनाहेल्मेट दोघांना बाजूला घेतात. पाच मिनिटांत एकाच्या हातात चालानाची पर्ची येते, आणि दुसऱ्याला "आगे से लगाके निकलना" म्हणून जाऊ देतात. चूक तीच, चौराहा तोच, पोलीसही तोच. ओळख निघाली असेल नाहीतर पैसे दिले असतील, असं म्हणून सगळे विषय संपवतात. मला तेवढं पटत नाही. सोडून द्यायची मुभा कायद्यात आहे का? असेल तर कुणाला? आणि तोंडी समज दिल्यावर मागाहून घरी चालान येऊ शकतं का? नव्यानं गाडी चालवायला लागलेल्या कॉलेजच्या मुलांच्या ग्रुपवर टाकायचं आहे, म्हणून नेमकी माहिती हवी. सुट्टीत पुण्याहून येणाऱ्या एमएच पासिंगच्या गाड्यांचंही कुणीतरी सांगा.

जिल्हाकोर्ट

ताई, "सोडून द्यावे" असं कलम मोटार वाहन अधिनियम १९८८ मध्ये कुठेच नाही. पण रस्त्यावर पैसे घेऊन प्रकरण मिटवायचं ते कलम २०० खाली, आणि त्यात शब्द "मिटवता येईल" असा आहे, "मिटवावेच" असा नाही. ही रक्कम किती आणि ती कुणी घ्यायची, हे राज्य सरकार राजपत्रात जाहीर करतं. आपल्याकडच्या कागदांवर तिला समन शुल्क म्हणतात. हेल्मेटसाठी कलम १९४ड मध्ये १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र असं लिहिलं आहे. मध्य प्रदेशानं समन शुल्क त्याहून कमी ठेवलं आहे.

इथेच लोकांचा गोंधळ होतो. समन शुल्क ठरलेलं असतं. पॉईंटवरच्या सूबेदाराला (वाहतूक पोलिसांतल्या अधिकाऱ्याला) ते पूर्ण घेता येतं किंवा अजिबात घेता येत नाही. "गरीब विद्यार्थी आहे, शंभरच घ्या" ही सोय त्याच्याकडे नाही. म्हणून चूक हलकी आणि माणूस नीट बोलणारा असला, तर अधिकारी पूर्ण रकमेऐवजी समज देणं पसंत करतो. शंभर रुपये घेऊन पर्ची न देता सोडलं, तर त्याला सवलत म्हणू नका, ती लाच आहे. हे मुलांच्या ग्रुपवर अगदी ठळक लिहा. पर्ची नाही तर पैसे नाहीत.

दुसरी गोष्ट पुराव्याची. वेगाच्या बाबतीत कलम १८३(३) सांगतं, की एकट्या साक्षीदाराला "गाडी फार जोरात होती" असं वाटलं एवढ्यावर शिक्षा होत नाही. त्या अंदाजामागे यंत्राचं मोजमाप लागतं. एमआर-१० रस्त्यावर एखादा सुसाट आला, पोलिसानं डोळ्यांनी पाहिला, पण स्पीडगन तिथे नाही किंवा मोजताना चौकटीत शेजारची दुसरी गाडीही आली, तर तो केस टिकणार नाही हे जाणतो आणि दम देऊन सोडतो. शिवाय कलम २०९ आहे. वेग किंवा धोकादायक चालवणं याबद्दल कोर्टात दोषी ठरवायचं तर तीनपैकी एक गोष्ट झालेली लागते: जागच्या जागी "तुमच्यावर खटल्याचा विचार होईल" अशी ताकीद, १४ दिवसांत नोटीस, किंवा २८ दिवसांत समन्स.

तिसरी गोष्ट कलमाच्या वजनाची. लाल दिवा तोडणं, उलट दिशेनं येणं हे २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ च्या "धोकादायक" व्याख्येत बसतं: पहिल्या वेळी १००० ते ५००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद. पण कलम २०० मध्ये १८४ चा फक्त हातातल्या मोबाइलचा भाग रस्त्यावर मिटवता येतो. बाकीचं कोर्टातच जातं. म्हणजे दिवा पिवळ्याचा लाल होताना अर्धी गाडी पुढे गेलेल्या माणसाला एकतर कोर्ट दाखवायचं, किंवा सिग्नल न पाळल्याचं हलकं कलम (११९ आणि १७७, पहिल्या वेळी ५०० पर्यंत) लावायचं, किंवा समज द्यायची. स्टॉपलाइन पुसट झालेली असेल, सिग्नल झाडाआड असेल, तर तिसराच रस्ता घेतला जातो, आणि माझ्या मते तो बरोबरच आहे.

लोकमान्यनगरकर

कायदा वकीलसाहेबांनी सांगितला. आता यंत्राचं सांगतो, कारण निम्मी उत्तरं त्या हातातल्या मशीनमध्येच आहेत.

ई-चालानाचं मशीन म्हणजे मोठ्या मोबाइलएवढं यंत्र, खाली छोटा प्रिंटर. त्यात गाडीचा नंबर टाकला की वाहन डेटाबेसमधून मालकाचं नाव, गाडीचा प्रकार, विमा आणि पीयूसीच्या तारखा, आधीची न भरलेली चालानं असं सगळं पडद्यावर येतं. मग यादीतून गुन्हा निवडायचा, फोटो काढायचा, चालकाचा मोबाइल नंबर घालायचा, पैसे रोख की कार्ड की क्यूआर हे ठरवायचं, आणि पर्ची छापायची. नेटवर्क बरं असेल तर दोन-तीन मिनिटं. सर्व्हर अडकला की पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहतं आणि मागे आठ गाड्या उभ्या राहतात.

पलासियाला सकाळी दहाच्या सुमाराला डावी लेन अशी अडली की रांग पार गीताभवनकडे सरकायला लागते. तेव्हा पॉईंट सांभाळणारा स्वतःच म्हणतो, जाऊ द्या यांना. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) असल्या की राजवाड्याच्या आसपास हेच होतं. त्या दिवशी माणसं बॅरिकेड आणि वळवलेल्या वाहतुकीवर असतात. चालान कापत बसलं तर चौराहाच बंद पडेल.

तुम्ही सांगितलेल्या दोघांत फरक बहुतेक पडद्यावर दिसला असणार. एकाच्या नावावर तीन जुनी चालानं न भरलेली आणि विमा संपलेला, दुसऱ्याचं सगळं स्वच्छ. रेकॉर्ड स्वच्छ असलेल्याला समझाइश मिळण्याची शक्यता खूपच जास्त. विमा नसेल तर कलम १९६ खाली पहिल्याच वेळी २००० आहेत, आणि अपघात झाला तर समोरच्याची भरपाई मालकाच्या अंगावर येते. तिथे सहसा कुणी सोडत नाही, सोडूही नये.

छावणीचा मुलगा

यात एक सगळेच विसरतात. शिपायाला गाडी थांबवायचा अधिकारच नाही. सरळ निघून जायचं.

जिल्हाकोर्ट

नाही दादा, हे चुकीचं आहे आणि मुलांना अडचणीत आणणारं आहे. कलम १३० प्रमाणे वर्दीतल्या कुठल्याही पोलिसानं मागितलं तर लायसन्स दाखवावंच लागतं. समन शुल्क घेण्याचा अधिकार मात्र फक्त राजपत्रात नेमलेल्या अधिकाऱ्याला. म्हणून शिपाई थांबवतो आणि "साहब के पास चलो" म्हणतो. साहेब दुसऱ्या कोपऱ्यावर अपघाताच्या भानगडीत अडकले असतील, तर शिपायाकडे उरतो तो समज देण्याचा मार्ग. पुष्कळदा सुटका एवढ्याच कारणानं झालेली असते.

सुदामानगर

काही वेळा माणसाला "सोडलं" असं दुरून वाटतं, प्रत्यक्षात गुन्हाच झालेला नसतो. पगडी बांधलेल्या शीख चालकाला कलम १२९ मध्येच हेल्मेटची सूट आहे. नवी गाडी पहिल्या नोंदणीपासून एक वर्ष पीयूसीशिवाय चालते. इलेक्ट्रिक गाडीला पीयूसी लागतच नाही. होल्डरमध्ये मोबाइल लावून नकाशा चालू असेल तर तेही चालतं. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात रस्ता शोधायला मोबाइल वापरायची परवानगी आहे, चालवण्यातलं लक्ष उडत नसेल तर. तोच मोबाइल कानाला लावला की १८४.

लायसन्सचं तर मुलांना पाठच करून द्या. लायसन्स काढलेलंच नसणं हे कलम १८१, ५००० रुपये दंड. काढलेलं आहे पण जवळ नाही, हा हलका गुन्हा. आणि डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये उघडून दाखवलं, तर जवळ नाही असं म्हणताच येत नाही, कारण २०१८ च्या दुरुस्तीनं केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १३९ मध्ये कागद इलेक्ट्रॉनिक रूपात चालतात. गॅलरीतला फोटो किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला स्क्रीनशॉट मात्र धरत नाहीत. अ‍ॅप उघडून, लॉगिन करून, जारी झालेला दस्तऐवज दाखवायचा. चौराह्यावर पासवर्ड आठवत बसण्यापेक्षा घरीच एकदा उघडून ठेवावं.

मुलगा अठराच्या आतला असेल तर पालकांनी हे वाचाच. कलम १९९अ मध्ये पालक किंवा मालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. तिथे पोलिसानं दया दाखवून सोडलं तर त्यानं त्या पोराचं भलं केलेलं नाही.

लोकमान्यनगरकर

दारूचंही त्यातच धरा. कलम १८५ हे कलम २०० च्या यादीत नाही, म्हणजे रस्त्यावर पैसे घेऊन मिटवायची सोयच नाही. पहिल्या वेळी १०,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ते कोर्ट ठरवतं. मर्यादा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम. मशीनवर आकडा तिच्या खाली आला तर त्या कलमाखाली काही करता येत नाही, म्हणून तोंडाला वास येत असूनही माणूस जाताना दिसतो. माउथवॉश किंवा खोकल्याचं औषध नुकतंच घेतलं असेल तर आकडा तात्पुरता वर जातो. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकायला देण्याची विनंती करावी, आणि फुंकणी नवी आहे ना तेही बघावं.

जिल्हाकोर्ट

एक भर. १८५ खाली अटक केली, तर कलम २०२ प्रमाणे दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी करावी लागते. नाही झाली तर कोठडीतून सोडावं लागतं. रात्री दवाखान्यात डॉक्टर मिळायला उशीर झाला आणि दोन तास उलटले, की बाहेर लोक म्हणतात "ओळखीनं सुटला". कोठडीतून सुटला याचा अर्थ खटला संपला असा नाही.

रामबागवाली

खूप उपयोगाचं आहे सगळं, मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. समझाइश देऊन सोडल्यावर कॅमेऱ्याचं चालान येतं का? आणि अँब्युलन्सला वाट द्यायला लाल दिव्यावर पुढे सरकलं तर?

सुदामानगर

येऊ शकतं. तोंडी समज कुठेच नोंदली जात नाही, कॅमेऱ्याला ती माहीतच नसते. चौराह्यावरच्या कॅमेऱ्यानं तुमचा नंबर टिपला असेल आणि कंट्रोल रूममध्ये तो फोटो तपासून मंजूर झाला, तर शिपायानं काय सांगितलं याचा संबंध राहत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७अ प्रमाणे कॅमेऱ्याच्या चालानाची नोटीस गुन्हा झाल्यापासून १५ दिवसांत निघायला हवी. तीत गुन्हा आणि नंबरप्लेट दिसणारा फोटो, तारीख, वेळ, ठिकाण आणि कलम लागतं. मेसेज आला की आधी हेच ताडून पाहा. प्लेटवर चिखल असला, ८ चा ३ वाचला गेला, तर भलत्याच्याच स्कूटरचं चालान तुमच्या नावावर लागतं.

अँब्युलन्सच्या बाबतीत थांबून राहू नका. वाट न देण्याला कलम १९४ई खाली १०,००० दंड आहे. दोन्ही बाजू बघून, हळू, डावीकडे सरकायचं, मागची अँब्युलन्स निघाली की तिथेच थांबायचं, तिच्यामागून चौराहा पार करायचा नाही. चालान आलंच तर भरू नका, भरलं की गुन्हा मान्य केल्यासारखं होतं. ई-चालान परिवहन पोर्टलवर तक्रारीचा पर्याय आहे. चालान नंबर टाका, कारणात वेळ सेकंदासकट लिहा आणि "त्याच कॅमेऱ्याचं आधीच्या आणि नंतरच्या अर्ध्या मिनिटाचं चित्रण पाहावं" असं मागा. डॅशकॅम असेल तर त्याची क्लिप जोडा. प्रकरण मिटेपर्यंत ते रेकॉर्डिंग ठेवणं त्याच नियमात बंधनकारक आहे. चालान एकदा कोर्टात गेलं, की पोलिसांना ते मागे घेता येत नाही.

एमएच गाडीचं राहिलं. दुसऱ्या राज्याचा नंबर हा स्वतः गुन्हा नाही. कलम ४७ प्रमाणे गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे राहिली तरच एमपीचा नंबर घ्यावा लागतो. महिन्याभराच्या सुट्टीला आलेल्या भाच्याला थांबवलं, तर पुण्याहून येतानाची टोलची पावती किंवा फास्टॅगचा मेसेज मोबाइलवर दाखवावा, तारीख त्यात असते. मशीनवर महाराष्ट्रातली जुनी चालानंही दिसतात, तेव्हा निघण्याआधी ती पुण्यातच भरून टाकायला सांगा.