सासऱ्यांचा स्वॅब पॉझिटिव्ह, घरात ५ महिन्यांचं बाळ. जवळ देऊ की नको?

घोडबंदरची_सून
नमस्कार, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, टूबीएचके, माणसं चार आणि पाचवं बाळ ५ महिन्यांचं. सासरे ७२ चे, शुगर आहे, न्यूमोनिया होऊन १९ दिवस हॉस्पिटलात होते, त्यातले ११ आयसीयूत. परवा घरी आणलं. लघवीची नळी आहे अजून, प्रोस्टेटमुळे, ३ आठवड्यांनी परत दाखवायचंय. फाइल लावताना एक रिपोर्ट दिसला ज्याबद्दल आम्हाला कुणी अवाक्षर बोललं नव्हतं, रेक्टल स्वॅब (गुदद्वारातून घेतलेला नमुना), क्लेबसिएला न्यूमोनी नावाचा जंतू, कार्बापेनेम रेझिस्टंट, म्हणजे कार्बापेनेम या भारी अँटिबायोटिकांना दाद न देणारा. डिस्चार्ज समरीत एका ओळीत कोलोनायझेशन, ट्रीटमेंट नको. फोन केला तर म्हणाले इन्फेक्शन नाहीये, काळजी करू नका, आणि ठेवला. मग मी गुगल केलं आणि रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सुपरबग काय, औषधच लागू पडत नाही काय. नणंद म्हणतेय बाळाला घेऊन महिनाभर माहेरी डोंबिवलीला जा. काल सासऱ्यांनी पाळण्याकडे हात नेला आणि मी झडप घालून बाळाला उचललं. ते हात मागे घेऊन म्हणाले, मला काय विटाळ झालाय का गं? तेव्हापासून कसंतरीच होतंय. नक्की किती घाबरायचं ते सांगा कुणीतरी.

नेरूळची_सिस्टर
ताई आधी श्वास घे. १४ वर्षं आयसीयूत काढलीत, हा रिपोर्ट रोज बघते. क्लेबसिएला हा आतड्यात राहणाराच जंतू, धडधाकट माणसांच्या पोटातही असतो. बाबांच्या पोटात त्यातला निगरगट्ट प्रकार बिऱ्हाड करून बसलाय, कारण इतके दिवस भारी अँटिबायोटिक गेले, त्यात साधे जंतू मेले आणि याला जागा मोकळी मिळाली. पण तो आतड्यात नुसता राहतोय, त्याने बाबांना आजारी पाडलेलं नाही, यालाच कोलोनायझेशन म्हणतात. तो लघवीत, रक्तात किंवा फुप्फुसात शिरून ताप आणतो तेव्हा इन्फेक्शन. आणि नावात न्यूमोनी आहे म्हणून खोकल्यातून उडत नाही हा, तो जातो शी-लघवीतून हातावर आणि हातावरून दुसऱ्याच्या तोंडात. हॉस्पिटलात स्वॅब घेतात तो बहुतेक वेळा शेजारच्या बेडवरच्या पेशंटसाठी, कोणाला वेगळं ठेवायचं, कोणाकडे गाऊन-ग्लोव्हज घालून जायचं ते कळावं म्हणून. हे दोन मिनिटं बसून सांगायला हवं होतं, आमच्याकडेही राहून जातं, खोटं कशाला बोलू.

आता तुझ्या घरचं. मला बाळापेक्षा त्या नळीची काळजी जास्त वाटते, कारण जंतूला पोटातून लघवीत जायला तोच सरळ रस्ता. बॅग नेहमी कमरेच्या खाली, पण फरशीला टेकलेली नको. बाथरूमला नेताना लोक बॅग मांडीवर नाहीतर खांद्यावर टाकतात, मग नळीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते. नळी आणि बॅगचा जोड उगाच उघडायचा नाही. रिकामी करायला त्यांचा एक वेगळा जग (भांडं) ठेव, बॅगच्या खालच्या तोटीचं तोंड त्या भांड्याला लागू द्यायचं नाही, आधी हात धुवायचे, ग्लोव्हज घालायचे, काढल्यावर परत हात धुवायचे. एकदा एक मुलगा वडिलांची बॅग रिकामी करून ग्लोव्हज काढल्या काढल्या त्याच हाताने पार्ले-जी चहात बुडवून त्यांना भरवत होता. मी ओरडले तर म्हणतो सिस्टर ग्लोव्हज होते की!

साबणाने धुवायचं तर ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझर असेल तर २० ते ३०, पण हात दिसायला घाण असतील तर साबणच. आणि बेसिनशेजारचा तो एकच नॅपकिन, ज्याला अख्खं घर हात पुसतं, तो आजच्या आज काढ.

बाबांनी हात धुवून बाळाला घ्यायला काही हरकत नाही. ताटवाटी वेगळी नको, कपडे नेहमीच्या पावडरीत धुवून कडक उन्हात, शी-लघवी लागलेले तेवढे वेगळे. डोंबिवली-बिंबिवली काही नको.

कोपरीकर
माझ्या मेव्हण्याला असंच होतं, ओळखीच्या केमिस्टने ५ दिवसांचा स्ट्राँग कोर्स दिला, एकदम क्लिअर. आणि दर पंधरा दिवसांनी युरिन कल्चर (लघवीत जंतू आहेत का ती तपासणी) करत राहा, बेस्ट.

नेरूळची_सिस्टर
कोपरीकर दादा, राग मानू नका पण दोन्ही चूक. पोटातला हा जंतू घालवायचा असा खात्रीचा कोर्स नाहीये. उलट उरलेसुरले चांगले जंतू मरतात आणि त्याला आणखी ऐसपैस जागा. हा महिने-महिने राहतो, कधी वर्षभरही, मग हळूहळू कमी होतो. आणि पाकिटावर ती लाल उभी रेघ असते ना, ती चिठ्ठीशिवाय देऊ नये म्हणूनच असते. युरिन कल्चरचं सांगते, नळी महिनाभर राहिली की जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू उगवतातच. ताप, थंडी, पोटात दुखणं, अचानक बरळणं यातलं काही नसेल तर तो रिपोर्ट बघून औषध द्यायचं नसतं, म्हणून उगाच तपासायचंच नाही. यातलं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरकडे, आणि नळी खरंच किती दिवस हवीय हे दर वेळी विचारायचं.

ऐरोलीचा_बाबा
आमची मुलगी २९ व्या आठवड्यात झाली, ११०० ग्रॅम, ४३ दिवस एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचं आयसीयू. तिच्या स्वॅबला पण क्लेबसिएला आला आणि तिसऱ्या आठवड्यात तोच रक्तात गेला. ते ८ दिवस मी लिहू शकत नाही. आता ३ वर्षांची आहे, सोफ्यावरून उड्या मारते. सांगायचं कारण की नेटवर बाळं दगावल्याच्या ज्या बातम्या वाचून तुम्ही घाबरलात ती बहुतेक अशी बाळं असतात, कातडी कागदासारखी, नाळेत लाइन, नाकात नळी, जंतूला शिरायला दहा दारं. तुमचं बाळ पूर्ण दिवसांचं असेल, अंगावर पीत असेल तर गोष्टच वेगळी. आमच्या वेळी आत जाताना मनगटातलं घड्याळ, अंगठी, सगळं काढायला लावायचे. राखीपौर्णिमा नुकतीच झाली होती, माझ्या हातात ओली राखी होती, सिस्टरने कात्री आणून कापली. तेव्हा वाईट वाटलं होतं, पण तो भिजका दोरा म्हणजे जंतूंचं घरच की.

लॅबवाला_कळवा
मायक्रोत, म्हणजे जंतू तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करतो. एक उलटी बाजू सांगू का, आजोबांकडून बाळाला काय जाईल हे सगळे बघतायत, बाळाकडून आजोबांना काय जाईल ते कोण बघणार? न्यूमोकोकस नावाचा जंतू लहान पोरांच्या नाकात बिनबोभाट बसलेला असतो, हेही कोलोनायझेशनच. पोराला नुसता शेंबूड आणि ७२ वर्षांच्या शुगरवाल्याला न्यूमोनिया. याच न्यूमोकोकसवरची पीसीव्हीची लस २०१७ पासून सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ ला देशभर, दीड महिना, साडेतीन महिने आणि ९ महिने. तुमच्या बाळाचे दोन झाले असतील, कार्ड बघा, ९ महिन्यांचा चुकवू नका. याने नाकातलं बिऱ्हाडही कमी होतं, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यांनाही फायदा. मोठ्यांची न्यूमोनियाची लस वेगळी मिळते, सासऱ्यांसाठी डॉक्टरांना विचारा.

आणि त्या रिपोर्टची झेरॉक्स फाइलच्या सगळ्यात वर लावा. पुढे कुठेही ॲडमिट करायची वेळ आली तर आधीच सांगा की स्वॅब पॉझिटिव्ह होता. लोक लपवतात, बेड मिळणार नाही म्हणून. खाली एनडीएम असं काही लिहिलं असेल तर गुगल करू नका 😀 जंतू ज्या एन्झाइमने ही औषधं निकामी करतो त्याचं न्यू दिल्लीवरून पडलेलं नाव आहे, २००८ ला स्वीडनमधल्या भारतीय वंशाच्या एका पेशंटमध्ये सापडलं होतं, आणि नावावरून आपल्याकडे केवढी बोंबाबोंब झाली होती.

घोडबंदरची_सून
सगळ्यांना मनापासून थँक्यू. नॅपकिन काढला, आता पाच रंगांचे पाच आहेत आणि सासूबाई पहारा देतात. कार्ड बघितलं, दोन्ही डोस झालेत. सासऱ्यांना मी सिस्टरताईंचं अख्खं वाचून दाखवलं, त्या जगाचं, भांड्याचं पण. मग ते वॉकर घेऊन बेसिनपाशी गेले, बॅग मी धरली (कमरेच्या खाली!!), कोपरापर्यंत हात धुतले आणि येऊन खुर्चीत बसून मांडी थोपटली. मी काही न बोलता बाळ ठेवलं. त्याने पहिलं काम काय केलं तर आजोबांच्या पायजम्यावर शी.

आता एकच, मालिशवाल्या मावशींच्या हातात चार अंगठ्या आणि गंडा आहे. त्यांना कसं सांगू? चिडून यायच्या बंद झाल्या तर दुसरी मिळत नाही इथे.