चालत्या गाडीत इंजिन गपकन बंद: इग्निशन स्विच गेलाय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी वडिलांची. कार्ब्युरेटर, पॉइंट-कंडेन्सर (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट), १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला). चालता चालता इंजिन गपकन मरतं. आचके नाहीत, मिसिंग नाही. पेट्रोल कमी पडलं तर गाडी आधी धापा टाकते, इथे तसं काहीच होत नाही. खड्ड्यातून गेलं की हमखास. पॉइंट, कंडेन्सर, कॉइल (प्लगला ठिणगीचा उच्च दाब देणारी) सगळं बदलून झालं. कॉइल बदलल्यावर चार दिवस सुतासारखी चालली, पाचव्या दिवशी पुन्हा तेच.

परवा रात्री बंद पडली तेव्हा हेडलाइट लख्ख चालू होते (माझ्या गाडीत ते चावीवरून जात नाहीत), पण चार्जिंग आणि ऑइलचे लाल दिवे पेटलेच नाहीत. चावी चालू असताना इंजिन बंद पडलं तर ते पेटायला हवेत ना? चावी जरा डावीकडे दाबली, दिवे आले, सेल्फ मारला, गाडी सुरू.

मेकॅनिकने चावी चालू करून स्विचच्या आउटपुटला मीटर लावला: १२.४ व्होल्ट, बॅटरीइतकेच. म्हणाला, स्विच ठणठणीत आहे. आता काय समजायचं? वडिलांची झिजलेली चावी आणि लॉक खात्री झाल्याशिवाय काढायची इच्छा नाही.

उत्तर:
दादा, दिव्यांचं निरीक्षण एकदम बरोबर. कॉइल आणि ते दिवे एकाच वेळी मेले म्हणजे दोघांचा सामाईक रस्ता तुटतोय. तो रस्ता म्हणजे स्विच, त्याचे लग (वायरींची जोडायची टोकं) किंवा मधला एखादा जोड.

मेकॅनिक खोटं बोलला नाही, त्याची पद्धत चुकली. पॉइंट उघडे असतील तर कॉइलमधून करंट वाहतच नाही, आणि करंट नसेल तर जळका कॉन्टॅक्टसुद्धा पूर्ण १२ दाखवतो. इंजिन हाताने फिरवून पॉइंट बंद स्थितीत आणा. मीटरची एक पिन स्विचच्या बॅटरी टर्मिनलवर, दुसरी इग्निशन टर्मिनलवर, चावी चालू. आता मीटर दाखवेल तेवढे व्होल्ट स्विचमध्येच वाया जातायत; ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी आलं तर ठीक. आता आधी फक्त वायरी हलवा, मग फक्त चावी. दोन्ही एकदम हलवलंत तर काहीच कळणार नाही. आणि चावी फार वेळ चालू ठेवू नका, पॉइंट बंद असताना कॉइल तापते.

दुसरं उत्तर:
सेल्फवर सुरू होऊन चावी सोडताच बंद पडत असती तर मी आधी बॅलास्ट रेझिस्टर (स्विच आणि कॉइलच्या मधला, कॉइलचा करंट कमी ठेवणारा) बघितला असता, कारण सेल्फच्या वेळी करंट त्याला वळसा घालून जातो. तुमची लक्षणं तशी नाहीत. तात्पुरती वायर लावून स्विच बायपास करायचा असेल तर ती बॅटरीवरून रेझिस्टरच्या अलीकडच्या, म्हणजे स्विचकडच्या टोकाला लावा, थेट कॉइलला नको. मग चावीने इंजिन बंद होणार नाही, वायरच काढावी लागेल, हे ध्यानात ठेवा.

धागाकर्ता:
केलं! वायरी ओढल्या, मीटर ०.३ वर ढिम्म. चावीला बोटाने नुसतं टेकवलं तर ३, मग थेट १२. बॅटरीची केबल काढून स्विच बाहेर घेतला. मागचा विजेचा भाग दोन स्क्रूंवर वेगळा निघाला, लॉकला हातही लागला नाही. आत तांब्याची पट्टी काळी ठिक्कर, मधोमध खड्डा, आणि तिच्याखालचं फायबर तपकिरी पडलेलं. मुळात चावीला सात किल्ल्यांचा जुडगा लटकवणारा मीच.

पण इग्निशन टर्मिनलवर एक जास्तीची वायर सापडली. माग काढला तर ती दोन ५५ वॉटच्या फॉग लॅम्पना जाते, मध्ये रिले (छोट्या करंटवर मोठा भार चालू-बंद करणारा विजेचा स्विच) नाही. कधीतरी कुणी जोडलेली.

पहिला उत्तरदाता:
म्हणजे ९ अँपिअरच्या वर फुकटचा भार! नवा भाग बसवण्याआधी ती वायर तोडा, नाहीतर तोही जळेल. रिले घाला (आकडे त्याच्या पिनांचे): ३० ला बॅटरीवरून १५ अँपिअर फ्यूजमधून, ८७ लॅम्पना, ८५ अर्थ, ८६ ला फॉगच्या बटणाची वायर. आणि तो जुडगा घरी ठेवा.