मदत हवी आहे: सॉफ्ट पेस्टलमध्ये (मऊ रंगखडूंत) आजीचा गाल मळकट होतोय

मंडळी, अडकले आहे.

पुढच्या महिन्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन. तिचं पोर्ट्रेट करायला घेतलंय, ए३ आकारात. फोटोत ती ओसरीवर बसलीय, उजवीकडून ऊन, डावा गाल सावलीत. रेखाटन जमलं, घरच्यांनी न सांगता ओळखलं (माझ्या बाबतीत ही मोठीच गोष्ट).

घोळ रंगात झालाय. उजेडातला गाल यलो ऑकर आणि बर्न्ट सिएनाने छान आला. सावलीसाठी त्यावरच काळा घासला आणि बोटाने एकजीव केला. आता तिथे चुलीमागच्या भिंतीसारखा डाग पडलाय. वरून ऑकर द्यावा तर खडू नुसता घसरतो, भुकटी सगळी मांडीवर. कागद साधा पांढरा कार्ट्रिज.

हे वाचवता येईल की नवा कागद घेऊ? आणि फिक्सेटिव्ह (खडूची भुकटी कागदावर धरून ठेवणारा फवारा) मारायचं का? तुकड्यावर मारून पाहिलं तर फिकट रंग चक्क काळवंडले.

प्रतिसाद १:
काळा खडू आधी डब्यातून बाहेर काढा! सावळ्या कातडीची सावली बर्न्ट अंबर, जांभळा आणि किंचित मळकट हिरवा यांतून येते. कागदाचे दात (खडू धरणारा खरखरीतपणा) भरलेत, म्हणून खडू घसरतोय. चित्र उभं धरा, तेलरंगाचा जुना राठ ब्रश कोरडाच घेऊन डाग झाडा. मग मळायचं खोडरबर दाबून उचला, घासू नका. तरी कार्ट्रिजवर फार थर बसणार नाहीत. पुढच्या वेळी कॅन्सनचा रंगीत पेस्टल कागद घ्या, त्याची जाळी नसलेली बाजू चेहऱ्याला बरी. शार्दँ या फ्रेंच चित्रकाराचं १७७१चं पेस्टलमधलं चष्मा लावलेलं आत्मचित्र मोठं करून बघा. सत्तरी ओलांडलेला चेहरा, आणि फटकारे शेजारी शेजारी सुटेच ठेवलेत. पांढरे केस सगळ्यात शेवटी, खडूच्या कडेने, चारपाचच.

प्रतिसाद २:
फिक्सेटिव्हने रंग गडद होतातच. शेवटच्या थरावर मारू नका. फ्रेमवाल्याला जाड माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा, काच चित्राला टेकता कामा नये.

धागाकर्ती:
झाडलं. गाल निम्मा परत आला, जांभळा धरतोय. आता आजी विचारतेय, नथ का नाही काढलीस. फोटोत नाहीये तिची नथ. सोनं कशाने दाखवू?