मदत हवी आहे: शेतातल्या जुन्या टेकाडाची माहिती कुठे मिळेल?

मंडळी, इंदूरहून सांवेरकडे जाताना आमची वडिलोपार्जित शेती आहे, त्यात एक मोठं टेकाड आहे, गावातले त्याला टीलाच म्हणतात. पावसानंतर कडेची माती ढासळली की खापरं निघतात, लाल खापरावर काळ्या रंगाच्या रेघा, चौकटी, एकावर तर जाळीसारखी नक्षी अगदी स्पष्ट आहे. कायथा आणि नावडातोलीच्या खोदकामात निघालेल्या माळवा संस्कृतीच्या (साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या) भांड्यांचे फोटो बघितले तर बरंच जुळतं, पण मी काही जाणकार नाही.

खसऱ्यात (जमिनीच्या सरकारी नोंदीत) जमीन आमच्याच नावावर आहे, पटवाऱ्यांना विचारलं तर जुनं काही सांगता आलं नाही, एका सरकारी ऑफिसात फोटो लावून अर्ज दिलाय त्याचं उत्तर नाही. आम्ही स्वतः खणलेलं नाही, खणणारही नाही, खापरं जागेवरच ठेवलीत. अडचण अशी की चुलतभावांना जेसीबी लावून माती विकायचीय आणि ते दिवाळीपर्यंतच थांबतील, मला ते टेकाड काहीही करून वाचवायचंय. घरच्यांना भीती आहे की १९६४ च्या मध्यप्रदेशच्या प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्व स्थळांच्या कायद्याखाली संरक्षित झालं तर जमीन हातची जाईल.

तर होळकरांच्या काळातले गावाचे नकाशे आणि बंदोबस्ताची (जमीन मोजणी-सारा आकारणीची) कागदपत्रं इंदुरात नेमकी कुठे बघायला मिळतात (मोडी वाचणारे काका घरात आहेत)? आणि खाजगी जमीन संरक्षित झाल्यावर मालकी आणि पेरणी चालू राहते का, कोणाचा प्रत्यक्ष अनुभव आहे का?