टोरांटोत अंगणामधे नुसतंच एक जुनं दार उभं आहे, मागची इमारत कुठे गेली?

खडीसाखर:
लेकीकडे टोरांटोला आलोय, ती ऑफिसला गेली की मी आणि आमचे हे दिवसभर भटकतो. परवा डाउनटाउनमधे टोरांटो मेट्रोपॉलिटन युनिव्हर्सिटीच्या आवारात शिरलो, चारी बाजूंनी लांबलचक इमारत आणि मधे हिरवळ, अगदी चौसोपी वाड्यासारखं. आणि त्या अंगणात एक जुनं भारदस्त दार, वर त्रिकोणी माथा, दोन्हीकडे खांबांसारखी नक्षी. मला वाटलं आत चर्च असेल, तर शॉर्ट्स घातलेली पोरं पाठीला बॅगा लावून आत जातायत आणि घामाघूम होऊन बाहेर येतायत! मागे जाऊन बघितलं तर इमारतच नाही. हे म्हणाले शूटिंगचा सेट असेल. कुणाला माहितीये का काय भानगड आहे?

बर्फाळ:
ताई, मी त्याच दारातून चार वर्षं जिमला गेलोय :) जिम हिरवळीच्या खाली जमिनीत आहे, १९८७ ची, आणि तिला प्रवेशद्वार म्हणून हा जुन्या इमारतीचा राखलेला तुकडा.
मूळ इमारत म्हणजे टोरांटो नॉर्मल स्कूल, शिक्षक तयार करायची सरकारी शाळा. तेव्हाचा कॅनडाचा गव्हर्नर जनरल लॉर्ड एल्गिन याने २ जुलै १८५१ ला कोनशिला बसवली आणि १८५२ च्या नोव्हेंबरात ती उघडली. आर्किटेक्ट कंबरलँड आणि रिडाउट. शाळा मात्र त्याआधीच, १८४७ ला सुरू झाली होती, कॅनडाची राजधानी दुसरीकडे गेल्यामुळे रिकाम्या पडलेल्या गव्हर्नमेंट हाउसमधे, आणि सरावासाठी जी लहान मुलांची शाळा लागते ती चक्क घोड्यांच्या पागेत. मग १८४९ मधे माँट्रियलला लोकांनी पार्लमेंटच जाळलं, राजधानी परत टोरांटोला आली आणि सरकारने जागा मागितली, मास्तर लोक बाडबिस्तरा घेऊन बाहेर. म्हणून स्वतःची इमारत. शिक्षण खात्याचं ऑफिसही तिथेच.

चिकू_मास्तर:
नॉर्मल म्हणजे "अ‍ॅबनॉर्मल नसलेली" असं समजू नका, हल्लीची पोरं हसतात. फ्रेंच लोकांचा शब्द, नॉर्म म्हणजे आदर्श नमुना, शिकवायचं कसं त्याचा नमुना घालून देणारी शाळा. आपल्याकडेही हाच शब्द होता, सावित्रीबाईंनी पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमधेच ट्रेनिंग घेतलं. टोरांटोला बायकांना प्रवेश मिळाला तो १८४८ पासून, आणि त्याच साली फुल्यांची भिडेवाड्यातली मुलींची शाळा! फक्त टोरांटोत नियम असे कडक की बाई विद्यार्थिनी आणि पुरुष विद्यार्थ्यांनी एकमेकांशी बोलायचंही नाही.

खडीसाखर:
बाप रे, पागेतली शाळा! हे आता प्रत्येकाला सांगत सुटलेत. पण एक राहिलं, आधी इथे मोठी बाग होती असं लेक म्हणाली ते खरं का? आता तर फक्त गवत आहे.

बर्फाळ:
खरंय. या चौकाला सेंट जेम्स स्क्वेअर म्हणायचे, साधारण सात-आठ एकर. सुरुवातीचा बेत असा होता की २ एकर बोटॅनिकल गार्डन, ३ एकर शेतीच्या प्रयोगांना, उरलेल्यात इमारत आणि व्यायामाचं मैदान. म्हणजे भर शहरात शेतीचे वाफे! कारण शिकून बाहेर पडणारा मास्तर खेड्यात जाणार, समोर सगळी शेतकऱ्यांची पोरं, त्याला थोडं तरी माती-बियाण्यातलं कळायला हवं. हेच प्रयोग पुढे ग्वेल्फच्या शेती कॉलेजच्या मुळाशी आहेत, ते १८७४ मधे निघालं, आता त्याची युनिव्हर्सिटी झालीये. आणि इमारतीत १८५७ पासून म्युझियम होतं. एगर्टन रायर्सन, म्हणजे शिक्षण खात्याचे मुख्य, यांनी युरोपात फिरून गाजलेल्या चित्रांच्या नकला आणि मूर्तींच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती आणल्या होत्या. तुम्ही रॉयल ऑंटारियो म्युझियम बघाल ना, त्याचं एक मूळ इथलंच.

नानाचीटांग:
एवढं सगळं ज्या इमारतीतून निघालं ती पाडली कुणी? युनिव्हर्सिटीनेच ना! नवी चौसोपी इमारत भोवती उभी केली आणि १९६३ मधे मधली जुनी जमीनदोस्त. दार ठेवलं म्हणून कौतुक कसलं, वाघ मारायचा आणि मुंडकं दिवाणखान्यात लावायचं अशातली गत. भिडेवाडा तरी पडायच्या बेतात होता, डिसेंबर २०२३ मधे पाडला तो त्याच जागी स्मारक करायला. इथे जिम :(

बर्फाळ:
नाना, तुमचा राग समजतो पण त्या काळाचाही विचार करा. युद्धात १९४१ ला शाळा तिथून हलवली, आवारात एअरफोर्सचं ट्रेनिंग, युद्ध संपल्यावर परत आलेल्या सैनिकांना धंदेशिक्षण, आणि १९४८ ला त्यातूनच रायर्सन इन्स्टिट्यूट निघाली. विद्यार्थी वाढत गेले, जागा तेवढीच. मी असतो तर निदान पुढची अख्खी भिंत ठेवली असती एवढं मात्र खरं.
बाय द वे ताई, युनिव्हर्सिटीचं जुनं नाव रायर्सनच. त्यांचा १८८९ चा पुतळा गूल्ड स्ट्रीटवर होता, आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांच्या कल्पनेत त्यांचाही हात होता म्हणून जून २०२१ मधे लोकांनी तो पाडला आणि २०२२ ला नाव बदललं. म्हणजे आता इमारत नाही, पुतळा नाही, नाव नाही, दार तेवढं आहे.

चिकू_मास्तर:
ताई, फोटो टाका की दाराचा.

खडीसाखर:
टाकते उद्या, कालच्या फोटोत दारापेक्षा आमचे हेच जास्त आलेत. आणि ते जिममधे शिरायला बघत होते, दारावरच्या मुलाने कार्ड मागितलं.