शेजारच्या लेनमधल्याला चूक सांगावी का?

लेन_चार: सकाळच्या बॅचला शेजारच्या लेनमध्ये एक काका असतात. फ्रीस्टाइल मारताना मुंडी सतत पाण्यावर, पाय खाली लोंबलेले, २५ मीटर संपायच्या आत धाप. ओळख 'आज पाणी गार आहे' इतपतच. चूक डोळ्यांसमोर दिसतेय, तर सांगावं की गप्प बसावं? आणि सांगायचं तर 'डोकं खाली ठेवा' एवढं पुरे का?

बुडबुडे: 'डोकं खाली ठेवा' हा टँकवरचा सगळ्यात निरुपयोगी सल्ला. मुंडी वर आहे ती श्वासासाठी. बरेच जण तोंड पाण्यात असताना श्वास रोखून धरतात आणि वर आले की त्या क्षणभरात जुना सोडून नवा घ्यायला बघतात. जुना पुरता सुटत नाही, कार्बन डायऑक्साइड साठतो, जीव घाबरतो, मुंडी आणखी वर. तिकडे छाती फुप्फुसातल्या हवेवर तरंगत असते, त्यामुळे मुंडी उचलली की कंबर आणि पाय बसतात. मग पाय सायकल चालवल्यासारखे गुडघ्यातून मारले जातात. दम तिथे जातो, अंतर कापलं जात नाही.

तेव्हा सांगायचंच तर एकच गोष्ट: तोंड पाण्यात असेपर्यंत बुडबुडे सोडत राहा. उथळ बाजूला कठडा धरून तीन आकडे होईपर्यंत श्वास सोडायचा, मग मान फक्त कुशीला वळवून घ्यायचा. असं दहा वेळा, मगच पोहायला सुटायचं. वळल्यावर गॉगलची एक काच पाण्यात राहिली पाहिजे. दोन्ही बाहेर आल्या तर मान वळली नाही, उचलली गेली. कोपराबद्दल, हाताबद्दल त्या दिवशी चकार शब्द नको.

खारं_पाणी: आधी ती चूक आहे का, ते तरी बघा. मुंडी वर ठेवून पोहणं हा वॉटर पोलोवाल्यांचा रोजचा सराव. बुडणाऱ्यावरची नजर हटू नये म्हणून जीवरक्षकही तसंच पोहतात. मालवणच्या चिवला बीचवरच्या स्पर्धेसारख्या समुद्री पोहण्याची तयारी करणारे दर सहा-आठ हातांनी पुढे डोकावतात, कारण सरळ जायला टँकच्या तळाला असते तशी काळी रेघ समुद्रात नसते. कुणी मुठी वळून पोहत असेल तर तोही सराव: पंजा नसला की हाताच्या पुढच्या भागाने पाणी कसं ढकलायचं ते कळतं. हात वरून पूर्ण फिरत नसेल तर खांदा आखडलेला असू शकतो. मधुमेह असणाऱ्यांत हे जास्त दिसतं. तिथे 'हात सरळ काढा' म्हणणं म्हणजे दुखण्यावर मीठ.

काका रोज तसेच पोहून रोज दमत असतील तर मात्र तो सराव नव्हे.

शिट्टी: दोन बाबतींत परवानगीची वाट बघायची नाही. एक, उथळ बाजूला कुणी सूर मारायच्या बेतात असेल तर तिथेच ओरडा, मानेचा मणका जातो. दुसरी, भराभर खोल श्वास घेऊन पाण्याखाली किती लांब जाता येतं ते बघणारी पोरं. जोरजोरात श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो. श्वास घ्यायची निकड त्यानेच वाटते. ती उशिरा येते आणि त्याआधीच शुद्ध हरपते. वरून बघणाऱ्याला वाटतं, पोरगा अजून पाण्याखाली मजेत आहे. इथे पोरांशी वाद घालत बसू नका, थेट जीवरक्षकाला सांगा.

अनोळखी बाईला पुरुषाने पाण्यात जाऊन शिकवू नये. फारच वाटलं तर कोचच्या कानावर घाला. आणि हात धरून दाखवणं कुणालाच नको.

लेन_चार: सराव नाही, नक्की. मग सुरुवात कशी करू?

बुडबुडे: मध्येच थांबवू नका. कठड्याला येऊन गॉगल कपाळावर चढवेपर्यंत थांबा, श्वास खाली बसू दे. मग, 'काका, एक विचारू का? तोंड पाण्यात असताना श्वास सोडता की धरून ठेवता?' 'धरतो' म्हणाले आणि पुढे काही विचारलं, तर कठड्यावरचा प्रकार करून दाखवा. नुसतं 'हं' म्हणून गॉगल खाली ओढला, तर तुम्हीही भिंतीला पाय लावा आणि निघा. दुसऱ्या दिवशी तोच विषय परत काढायचा नाही.