मदत हवी आहे: पेडल स्टील गिटारचे पेडल किती उंच ठेवू?
नमस्कार मंडळी, गावात हे वाद्य कोणाले माहीतच नाही म्हणून इथं इचारतो. आजवर भजनात मांडीवरची हवाईयन गिटार वाजवली, आता जुनी १० तारांची पेडल स्टील (पायांवर उभी आडवी गिटार, पेडल दाबले का तारांचे सूर बदलते) आणली, ई नाइन ट्यूनिंग (तारा सुरात लावायची एक पद्धत), ३ पेडल: ए, बी, सी. ए आन् बी पेडल एकाच डाव्या पायानं दाबायचे, मंग घोटा वळवून ए सोडायचा, इथंच घोळ होते. टाच उचलते, गुडघा वरच्या लिव्हरले (गुडघ्यानं ढकलून सूर बदलायची दांडी) लागते आन् ई सुराचा एफ होऊन बसते! पेडलच्या सळया फिरवून पेडल खाली घेतले तर ए पेडल जमिनीलेच टेकते, त्याच्यानं बी सुराचा सी शार्प होतच नाही. त्यात घर शेणानं सारवलेलं, एक पाय रुतते (गिटारचा, माहा नाही). टाच टेकवूनच वाजवता का? बूट घालू का अनवाणी? का खाली फळी टाकून गिटारचे पायच वाढवू?